मथुरा आक्काने शिकवलेलं मशीन

मथुरा आक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रबराची एक कडी गालावरून फिरवत होती. डोळे मिटलेले, चष्मा कपाळावर चढवलेला, तोंडात धनाडाळ. मला वाटलं बाई देवाचं नाव घेतेय. तिने ती कडी बाजूच्या ट्रेमध्ये टाकली आणि डोळे न उघडताच म्हणाली, "उभी काय राहिलीस? स्टूल ओढ."

नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही होतो. नाव सांगत नाही. तिथे पंपांसाठी आणि मोटारींसाठी रबराच्या कड्या व्हायच्या. फिरणाऱ्या दांड्याभोवती ती कडी घट्ट बसते आणि आतलं तेल बाहेर येऊ देत नाही. प्रेसवरच्या बाया गरम साच्यातून कड्या काढायच्या आणि आमच्या टेबलावरच्या बाया त्या तपासायच्या. सगळ्या ठेकेदाराच्या. माझा नवरा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या कामावर होता, त्याचा दमा वाढला तेव्हा मी कामाला लागले. शिक्षण चौथी. तपासणीच्या टेबलावर तेवढं पुरायचं.

टेबल आक्काचं होतं. कागदोपत्री नव्हे, पण सुपरवायझरही तिला विचारल्याशिवाय स्टूल हलवायचा नाही. तिची शिकवायची रीत विचित्र होती. सुरुवातीला तिने मला नुसत्या चांगल्या कड्या दिल्या. म्हणाली, बघत राहा. मी बघत राहिले. कंटाळा आला तरी बघत राहिले. मग एक दिवस तिने त्यात गुपचूप एक खराब सरकवली. माझ्या हातून ती चांगल्यात गेली. आक्काने ती माझ्यापुढे परत टाकली. "परत बघ." मी बघितलं, मला काही दिसेना. काय खराब आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ते तू सांग."

असं तिने मला तयार केलं. नियम एकही सांगितला नाही. दाखवलं, चुकले की परत टाकलं, पुन्हा दाखवलं. काही महिन्यांनी माझा हात आपोआप थांबायला लागला. हात थांबला की डोळ्याला नंतर कळायचं की कडीला काहीतरी आहे.

दोषांना कंपनीची इंग्रजी नावं होती, ती आमच्या तोंडात बसायची नाहीत. आक्काची नावं वेगळी. बाहेरून जास्तीचं रबर लोंबत असेल तर झालर. आतल्या धारेला बारीक कापलेलं असेल तर चावा. फुगे आले असतील तर पुरळ. नीट भाजली नसेल तर कच्ची. पुढे साहेबसुद्धा "आज झालर फार आहे" म्हणायला लागले.

गालाची सवय तिला सगळीकडे होती. एकदा आम्ही दोघी मेन रोडला बांगड्या घ्यायला गेलो. आक्का एकेक बांगडी गालावरून फिरवून बाजूला ठेवायला लागली. दुकानदार आधी हसला, मग चिडला. म्हणाला, "मावशी, बांगड्या घ्यायच्या आहेत की दाढी करायची आहे?" आक्का म्हणाली, "तुझ्या मालाला चावा आहे, तो आधी बघ." आणि खरंच दोन बांगड्यांना कंगोरा होता. आम्ही न घेताच परत आलो. वाटेत ती एवढी हसली की धनाडाळीचा ठसका लागला.

ती देवळ्याकडची. एरवी आमच्यासारखंच बोलायची, पण राग आला की माहेरची भाषा यायची. "तुले दिसत नही का?" असं तिने म्हटलं की टेबलावर कोणी मान वर करायचं नाही. नवऱ्याने फार लवकर टाकलेली. मूलबाळ नाही. श्रमिकनगरला एक खोली आणि कारखाना, एवढंच तिचं जग होतं. माझा नवरा सिव्हिलला होता तेव्हा माझ्या वाटणीचा माल तिने आपल्या पुढ्यात ओढून घेतला होता आणि त्याबद्दल नंतर एक शब्द काढला नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते. ती वाईटच होती असं सांगायचं असतं तर काम सोपं होतं.

टेबलावर तीन ट्रे असायचे. एक चांगल्याचा, एक वाईटाचा आणि मधला शंकेचा. शंकेचा ट्रे कंपनीने दिलेला नव्हता, तो आक्काचा. कळत नसेल तर मधल्यात टाक. पाळी संपता संपता आम्ही सगळ्या तो ट्रे ओतायचो, कड्या हातोहात फिरायच्या आणि शेवटी आक्का ठरवायची.

ठरवताना ती आधी कडीच्या पाठीवरचा आकडा बघायची. प्रत्येक प्रेसच्या साच्यात आकडा कोरलेला असतो, तो कडीवर उमटतो. आकड्यावरून कुणाच्या हातचा माल ते कळतं. ज्या बाईचा माल जास्त फेकला जाई तिला ठेकेदार ब्रेक द्यायचा. ब्रेक म्हणजे उद्यापासून येऊ नकोस, बोलावू तेव्हा ये. बहुतेकींना बोलावणं आलं नाही.

चार नंबरच्या प्रेसवर रेखा होती. तिचा उजवा हात प्रेसमध्ये भाजला. पट्टी निघाली तशी ती कामावर आली, पण बोटं पूर्वीसारखी वळेनात. झालर कापायला जमेना. चार नंबरचा माल मधल्या ट्रेमध्ये यायला लागला. मी आक्काला विचारलं, हा पास का करतेस? त्या दिवशी मात्र तिने कारण सांगितलं. म्हणाली, "झालरीने तेल गळत नाही. धार नीट आहे ना? मग दिसायला कशी का असेना. हात बरा होईपर्यंत चारची झालर चांगल्यात टाकायची. चावा दिसला तर चारचा असो नाहीतर कुणाचा, फेकायचा." आम्ही तसंच करायला लागलो. मला तेव्हाही त्यात काही चूक वाटली नाही, आजही वाटत नाही.

तपासणीचं मशीन म्हणाल तर पहिलं एक आधीच येऊन गेलं होतं. त्याला बाहेरच्या माणसाने येऊन आकडे भरून दिले होते. भोक एवढं, जाडी एवढी, डाग एवढा असेल तर फेक. वरच्या दिव्याची ट्यूब बदलली की ते चांगला माल फेकायचं, धूळ बसली की सगळाच फेकायचं. महिनाभराने त्याच्यावर प्लास्टिक घातलं. आम्ही त्याच्यावर डबे ठेवायचो.

दुसऱ्या मशीनबरोबर तन्वी मॅडम आल्या. तिशीच्या आतल्या, बोलायला साध्या, आमच्याबरोबर बसून चहा प्यायच्या. त्यांनी सांगितलं, याला आकडे भरायचे नाहीत. याला कडीचे फोटो दाखवायचे आणि हे चांगलं, हे वाईट एवढंच सांगायचं. पुष्कळ फोटो दाखवले की कशावरून ओळखायचं ते मशीन स्वतः शोधून काढतं. आक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "म्हणजे मी सुभद्रेला शिकवलं तसं." मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच, आक्का."

मग त्यांनी सांगितलं की ही कल्पना त्यांच्या जन्माच्याही आधीची आहे. माणसाच्या मेंदूत शिरांचं जाळं असतं, तसं गणिताचं जाळं करून मशीनला शिकवावं असं परदेशात काही लोकांनी फार पूर्वी ठरवलं. थोडं जमलं, मग अडलं. तेव्हाचे कॉम्प्युटर हळू आणि दाखवायला फोटो थोडे. मध्ये कितीतरी वर्षं त्याला कोणी पैसा देईना, लोक हसायचे. काही थोडे चिवट लोक धरून बसले. मग कॉम्प्युटर जोरात आले, घरोघरी फोटो निघायला लागले, आणि तेच जुनं जाळं मोठं करून लावलं तर चालायला लागलं. आक्काने विचारलं, हसणारे आता काय करतात? मॅडम म्हणाल्या, "तेही आता हेच करतात."

ऐकायला बरं वाटलं, पण आम्ही तयार नव्हतो. एवढं आम्हालाही कळत होतं की मशीन शिकलं तर टेबल उठणार. आम्ही हाताची घडी घालून बसलो. मॅनेजर येऊन गोड बोलून गेला. मी तन्वी मॅडमना सरळ विचारलं, आमचं काम जाणार का? त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, "मला माहीत नाही, मावशी. ते माझ्या हातात नाही." मला ती मुलगी तेव्हापासून आवडली.

दुसऱ्या दिवशी आक्का मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन आली. टेबलाशी उभी राहिली, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि म्हणाली, "मी शब्द घेतलाय. टेबलावरची एकही बाई जाणार नाही. गेली तर आधी मी जाईन." आणि मग माझ्याकडे बघून, "सुभद्रे, तू सुरू कर. तू बसलीस की बाकीच्या बसतील."

मी बसले. बाकीच्या बसल्या.

कॅमेऱ्याखाली कडी ठेवायची, पडद्यावर फोटो यायचा, खाली बटणं. मॅडमनी आमचीच नावं बटणांवर लिहिली होती. चांगली, झालर, चावा, पुरळ, कच्ची. शंकेचं बटण नव्हतं. मॅडम म्हणाल्या, मशीनला सध्या हो किंवा नाही एवढंच समजतं, शंका पुढे बघू. आक्का पडद्याला हात लावायची नाही. म्हणायची, काचेला काय कळतं. ती कडी गालावरून फिरवायची, तोंडाने सांगायची आणि मी बटण दाबायचे. आमची जोडी सगळ्यांत जास्त माल काढायची, आणि शंकेचा सगळा माल आमच्याचकडे यायचा. रेखाचा हात अजून पुरता बरा नव्हता. चारची झालर आली की आक्का म्हणायची, "चांगली." मी चांगलीचं बटण दाबायचे.

एक गोष्ट मला नंतर सुचली. मी शिकत होते तेव्हा कधी ना कधी 'का' म्हणून विचारलं. मशीनने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्ही रेखाच्या हाताचं सांगितलं असतं.

मशीन शिकलं. कौतुक झालं, पेढे वाटले, आक्काला मशीनशेजारी उभं करून फोटो काढला. आमच्या टेबलावर माल कमी यायला लागला. आक्का म्हणायची, शब्द आहे, घाबरू नका.

मग एक माल परत आला. पंप बनवणाऱ्यांनी पाठवलेला, पंप तेल गळत होते. कड्या काढून बघितल्या तर धारेला चावा. बहुतेक सगळ्या चार नंबरच्या. चारच्या साच्याची धार झिजली होती, त्यामुळे चावा पडत होता. रेखाचा त्यात काही दोष नव्हता. आमच्या टेबलाने त्या कड्या पाहिल्याच नव्हत्या. मशीनने पाहिल्या आणि पास केल्या.

मॅनेजरने आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. तन्वी मॅडमनी भिंतीवरच्या पडद्यावर कडीचा मोठा फोटो लावला. म्हणाल्या, मशीन निकाल देताना फोटोत कुठे बघतं ते हे लाल रंगात दिसतं. दुसऱ्या प्रेसच्या कड्यांवर लाल रंग धारेवर होता, जिथे असायला हवा तिथे. चारच्या कडीवर धार कोरी होती आणि लाल रंग पाठीवरच्या आकड्यावर पसरला होता.

मला एका क्षणात समजलं. आक्काला माझ्या आधी समजलं असणार. चारच्या चाव्याचे फोटो आम्ही थोडेच दाखवले होते, कारण तेव्हा चारला चावा पडत नव्हता. चारच्या पास झालेल्या झालरीचे ढीगभर दाखवले होते. मशीनने त्यातून शोधून काढलं की पाठीवर चार असेल तर माल चांगला. पुढे बघायची गरज नाही.

मॅडमनी आवाज न चढवता विचारलं, चारच्या खराब कड्या चांगल्या म्हणून कोणी आणि का दाखवल्या? कारण कळलं तर दुरुस्त करता येईल. मॅनेजरला कारण नको होतं, त्याला नाव हवं होतं. त्याने आक्काकडे बघितलं.

आक्का म्हणाली, "मला त्या काचेतलं काही कळत नाही, साहेब. बटण सुभद्रा दाबायची."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी वाट बघत होते, आता ती पुढचं बोलेल. ती बोलली नाही. पदराच्या टोकाने टेबलावर न पडलेली धूळ पुसत राहिली.

केबिनच्या काचेतून प्रेस दिसत होते. रेखा वाकून चार नंबरवर साचा उघडत होती. सांगायचं कारण तिथे, काचेपलीकडे उभं होतं; सांगितलं असतं तर ब्रेक तिला मिळाला असता. मी म्हणाले, हो, बटण मीच दाबायचे. तन्वी मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांनी दोनदा विचारलं, मावशी, तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? मी आक्काकडे बघितलं. तिचा चष्मा कपाळावर होता.

मॅनेजर म्हणाला, उद्यापासून येऊ नका. मी डबा उचलला आणि निघाले. आक्का, आधी मी जाईन म्हणाली होतीस, असं दारात उभं राहून म्हणावंसं वाटलं. म्हणाले नाही.

पुढचं मला कानावर आलं तेवढं लिहिते. मशीनला पुन्हा शिकवायचं ठरलं आणि त्यासाठी आक्काला ठेवलं. मॅडमनी फोटोतला आकडाच पुसून टाकला आणि मग फोटो दाखवले. म्हणजे त्यांना कारण कळायची गरजही पडली नाही. मशीन सुधारलं. नंतर त्यांनी त्याला शंकाही शिकवली, खात्री नसेल ती कडी ते बाजूला काढायला लागलं. त्या बाजूला काढलेल्या कड्या बघायला एक माणूस पुरे होतं. टेबलावरच्या बाया एकेक करून गेल्या. कुणाला ब्रेक दिला, कुणाला गोड बोलून निरोप दिला. आक्का कुणाच्याही आधी गेली नाही. मोठ्या शेडमध्ये मशीनशेजारी स्टूल टाकून एकटी बसायची म्हणे.

बायका तिला शिव्या द्यायच्या. मी दिल्या नाहीत, तो चांगुलपणा नव्हे. मला एकच गोष्ट टोचत होती. सातपूरच्या सगळ्या कारखान्यांत पसरलं होतं की सुभद्राने चुकीची बटणं दाबून मशीन बिघडवलं. मी आणखी दोन ठिकाणी तपासणीचं काम मागायला गेले. एका ठिकाणी सुपरवायझर हसून म्हणाला, "मावशी, आमच्याकडे पण मशीन आहे हो, राहू द्या." त्यानंतर मी गेले नाही. आता सुनेबरोबर पोळीभाजीचे डबे करते.

गेल्या वर्षी रेखाच्या मुलीचं लग्न झालं, अंबडच्या एका हॉलमध्ये. आक्का आलेली. वाळली होती, पण पाठ ताठ. रेखाने तिला खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं, हातात साडी दिली आणि जावयाच्या आईला सांगितलं, "या माझ्या आक्का. माझा हात भाजला होता तेव्हा यांनी माझी नोकरी राखली." मग मला पुढे ओढून म्हणाली, "आणि या सुभद्रा मावशी. आमच्याच टेबलावर होत्या. यांना ते मशीन काही जमलं नाही बघा." ती प्रेमाने म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं. विहीणबाई हसल्या, म्हणाल्या, आमच्या वयाला कुठलं जमायला.

रेखा पाहुण्यांकडे गेली. आम्ही दोघी शेजारी शेजारी उरलो. आक्का साडीची घडी बोटाने दाबत होती. मग म्हणाली, "तू तेव्हा काही बोलली नाहीस."

मी म्हटलं, "तू बोलणार होतीस."

"मला वाटलं तू बोलशील. तू म्हणाली असतीस आक्काने सांगितलं, तर मी हो म्हटलं असतं. नाही म्हटलं नसतं, सुभद्रे."

म्हणजे एवढी वर्षं तिने ते माझ्याच पदरात टाकून ठेवलं होतं, आणि सुखाने झोपत होती. मी म्हटलं, "मग आता म्हण. रेखा तिथे उभी आहे. बोलावते तिला."

तिने रेखाकडे बघितलं. रेखा एका हाताने पाहुण्यांना नमस्कार करत होती, दुसऱ्या हातात हार होते. आक्काने साडी पिशवीत घातली, पिशवीचा बंद नीट बांधला. "लग्नघरी कशाला," म्हणाली आणि उठली.

पंगत बसत होती. ती जाऊन बसली. मी समोरच्या ओळीत बसले, कारण जागा तिथेच होती. तिने मान खाली घालून सगळं खाल्लं. शेवटी वाढप्याला हाक मारून आणखी मठ्ठा मागितला, आणि तो येईपर्यंत हात पानावर तसाच धरून थांबली.